दालचिनी म्हणून वाटलेली पानं

वन्सं, तुमच्या तेराव्याला पन्नासेक माणसं जेवून गेली आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी तुमच्या नाकाचं कौतुक केलं. "सुमनचं नाक म्हंजे नाक हुतं. डोळं बांदा, पान हातात द्या, झाड सांगायची," असं तुमच्या रोपांच्या नर्सरीतली माणसं एकमेकांना सांगत होती. मी आमटी वाढत होते. ती कुणाच्या तरी लाडवावर सांडली. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, पलीकडच्या पंगतीतून माझ्याकडे बघत होते. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा. त्या घटकेला मी गप्प राहिलेही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंगल, रडायचं तर रड, पन वाडताना नको." मला या घरात असं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. जुन्नरकडून लग्न होऊन मी इथं भिवपुरीला आले, तेव्हा तुमचं 'हाय' कुठलं आणि 'नाय' कुठलं एवढंही कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला परसात नेलंत, डोळे मिटायला लावलेत आणि हातावर एकेक पान ठेवत गेलात. "चुरगाळ. आता वास घे. आता सांग." मी तुळशीवर पास आणि बाकी सगळ्यांत नापास. "घाटावरची बाय, तुळशीबिगर काय ठावं नाय," म्हणून तुम्ही पदरानं डोळे पुसेपर्यंत हसलात. नणंद म्हणजे खाष्ट असं ऐकून आलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं तेवढंच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

नर्सरीत तुम्ही वीसेक वर्षं काढलीत. फार्महाऊसवाले गाडीतून उतरायचे, हातात कुठलं तरी मरगळलेलं पान, आणि मालकाकडे न जाता थेट तुमच्याकडे यायचे. तुम्ही पान उलटं करायचात, चुरगळायचात, नाकाशी धरायचात आणि नाव सांगायचात. शिकलेली माणसं वहीत लिहून घ्यायची. घरी आल्यावर त्यांची नक्कल करायचात, पण मनातून सुखावलेल्या असायचात. मला सगळं दिसायचं.

आणि मग मी फोनमध्ये ते ॲप घेतलं. अंगणवाडीत बाळांची वजनं फोनवर भरून भरून मला वाटायला लागलं होतं की आता जगातलं सगळं फोनवर होतं. पानाचा फोटो काढायचा, नाव हजर. मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला दाखवलं. तुम्ही उठलात आणि दाराच्या तोरणातलं आंब्याचं पान फोनसमोर धरलंत. प्लास्टिकचं! फोननं छाती ठोकून सांगितलं, आंबा. तुम्ही म्हणालात, "तुज्या फोनाला डोळं हायत, नाक नाय. तवर मला भ्या नाय गं."

तेव्हापासून आपलं भांडण जुंपलं ते जुंपलंच. मी रस्त्यानं चालताना फोटो काढायचे, घरी येऊन तुम्हाला नाव विचारायचे, आणि फोनचं आणि तुमचं जुळलं नाही की वाद. बहुतेक वेळा तुम्हीच बरोबर असायचात, आणि जिंकलात की त्या दिवशी माझ्या हातचा चहा मागून प्यायचात. मी चिडायचे. खरंच चिडायचे, लटकं नाही. शाळा न शिकलेली बाई आपल्याला हरवते, हे मला आतून झोंबायचं. आज लिहून टाकते, आता कशाला लपवू!

मग तुम्हाला तो ताप आला. आठ दिवस अंथरुणावर होतात, उठलात तेव्हा निम्म्या झालेल्या. पण त्यानंतर जे होत गेलं, ते मी बघत होते आणि मला दिसत नव्हतं. भात करपून धूर झाला, तुम्ही शेजारी शेंगा सोलत बसलेल्या. नासलेल्या दुधाचा चहा करून स्वतःच पिऊन टाकलात. एकदा मी अंगणवाडीतून आले तर घरभर गॅसचा वास, आणि तुम्ही ओट्याजवळ काडेपेटी शोधताय! मी धावत जाऊन बटण बंद केलं, दारं उघडली आणि तुम्हाला वाट्टेल ते बोलले. "वन्सं, नाक कुठं गहाण टाकलंत का?" असंही म्हणाले. तुम्ही हसला नाहीत. "बटन नीट बसलं नसंल," एवढंच पुटपुटलात आणि खोलीत गेलात. मी मनात म्हटलं, म्हातारपण आलं.

त्याच आठवड्यात तुम्ही नवा फोन आणलात आणि माझ्यासमोर येऊन बसलात. "ते पानांचं शिकव गं मला." वन्सं, त्या घटकेला मी काय केलं असेल? विचारलं का, की अचानक कशाला? नाही. मी मनातल्या मनात नाचले. शेवटी आल्या ना वळणावर! वरून टोमणाही मारला, "का, आता नाकाचं काम संपलं वाटतं?" तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता तो मला आठवत नाही, कारण मी बघितलाच नाही. मी ॲप उतरवून घेत होते. तेव्हापासून नर्सरीत लोकांनी पान दिलं की तुम्ही वळून, पदराआड फोटो काढायचात आणि मग नाकाशी धरायचात. हे मला परवा तिथल्या बायांनी सांगितलं. त्यांना वाटायचं, सुमनला फोनचा नाद लागला.

दिवाळी झाली आणि तुम्ही कुंभिवलीला वैशालीचं बाळ बघायला गेलात. तुमच्या मैतरणीची लेक, मैतरीण गेल्यापासून तुम्हीच तिची आई. ओल्या बाळंतिणीला दालचिनीच्या पानांचा काढा द्यायचा होता, पण नर्सरीतलं दालचिनीचं झाड वाळून गेलेलं. येताना तुम्ही मोठा डहाळा घेऊन आलात. "कुंबिवलीला नव्या प्लाटिंगच्या मागं बांदावर झाड हाय. बघ, पान कसं तुकतुकीत, तीन शिरा देटापास्न निगाल्यात. दालचिनीच ना गं?" मी अंगणवाडीचे फॉर्म भरत होते, मान वर न करता म्हटलं, फोटो काढा. तुम्ही काढलात. नावं इंग्रजीत आली म्हणून फोन माझ्यापुढे धरलात. मी वाचलं, "पहिलंच नाव दालचिनी. झालं." खाली आणखी नावं होती, बोटानं सरकवावी लागतात. मी सरकवलं नाही. मग तुम्ही मला आणखी एक गोष्ट विचारलीत. ती इथं लिहायला बसले आणि तीनदा पेन खाली ठेवलं.

तुम्ही पानं सावलीत वाळवलीत, कागदाच्या पुड्या बांधल्यात आणि वाटल्यात. वैशालीला एक, गल्लीत तीन, आणि एक घरात स्वतःला. रोज सकाळ-संध्याकाळ काढा घ्यायचात. "कडू लागतंय जरा, पन अवशीद कडूच असायचं." मला वाटलं, जास्त उकळलं असेल. नंतर पहाटे पाय ताठ होतात म्हणालात. मग जबडा आखडल्यासारखा वाटायला लागला. एकदा माझ्या हातून ताट पडलं, तर तुम्ही अशा दचकलात की सगळं अंग उडालं. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तुम्ही गोळ्या घेतल्यात, आणि त्या गोळ्यांवर काढा! मी स्वतः उकळून दिला त्यातला एक. त्या दुपारी तुम्ही परसात पडलात तेव्हा पाठ कमानीसारखी ताणली गेली होती, दात मिटलेले होते आणि डोळे उघडे, सगळं समजत असल्यासारखे. गाडी येईपर्यंत मी तुमचा हात धरून बसले होते. दवाखान्यात सांगितलं, हृदय. आम्ही मान डोलावली. पानांचं कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी लोकांना कळवायला म्हणून तुमचा फोन उघडला. नंबर शोधता शोधता ते ॲप उघडलं गेलं, आणि वन्सं, मी एकेक सरकवत गेले. किती फोटो! तुळस. कढीपत्ता. परसातला गवती चहा. ओवा. जी पानं तुम्ही मला डोळे मिटून ओळखायला शिकवलीत, त्या प्रत्येकाचा फोटो तुम्ही फोनला दाखवला होतात. तुळशीचे तर चार. तेव्हा मला कळलं की तापानं तुमचं नाक गेलं होतं, आणि तुम्ही कुणालाही सांगितलं नव्हतंत. कशा सांगणार! नर्सरीत तुमची किंमत नाकाची. आणि घरात मी, टोमणे घेऊन तयार.

त्यातच कुंभिवलीच्या त्या डहाळ्याचा फोटो होता. वर दालचिनी. या वेळी मी बोटानं खाली सरकवलं. दुसरं नाव होतं त्याच्यावर बोट ठेवलं तर फळाचं चित्र आलं, नारिंगासारखं गोल आणि पिवळं, आणि खाली लाल अक्षरांत इंग्रजी शब्द, जो मलाही वाचता येतो. विष. ते फोनला दिसलं होतं, वन्सं. त्यानं दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं. मीच खाली वाचलं नाही.

सुतकात बाहेर पडू नये म्हणतात, मी पडले. शिळफाट्याला उतरून रिक्षा केली आणि बांधावरच्या त्या झाडाखाली गेले. खाली पिवळी फळं पडली होती, एकालाही पाखरानं चोच मारलेली नव्हती. पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं. दालचिनीचं पान चुरगळलं की हात दिवसभर घमघमतो. याला गवताचा हिरवट वास, बस्स. गुरं चारणारा एक म्हातारा लांबून ओरडला, "बाय, त्यो काजरा हाय, हात धू. आमची गुरं बी तोंड लावत नाय त्याला." काजरा! हे नाव तुम्हीच मला सांगितलं होतंत, लांबून पिवळ्या फळांकडे बोट दाखवून, की याच्या वाटेला जायचं नाही. डहाळा तोडलात तेव्हा फळं अजून हिरवी, पानांत लपलेली असणार; पण धडधाकट नाक असतं तर तुम्ही त्या झाडाखाली दोन घटका उभ्याही राहिला नसतात.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तायनं आविष्यभर नाव कमावलं. ते तू तेराव्याच्या आदी घालवू नको. पुड्या परत घे, पन बुरशी लागली म्हन." मला तेव्हा ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कारण तुमचं नाव वाचत होतं आणि त्यामागे माझंही. फोनवरून सगळ्यांना सांगितलं, पानांना बुरशी लागली, काढा घेऊ नका, पुड्या बाजूला ठेवा. सगळ्या, आम्ही बऱ्या आहोत म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास टाकला, मूर्खासारखा!

तेराव्याला जेवता जेवता वैशालीची सासू मला म्हणाली, "तुमी बुरशीचं बोललात ना, मी सगळी पानं धुतली, कडक उन्हात घातली. आता एकदम साफ. सकाळीच वैशालीला सांगून आले, काढा ठेव म्हनून. सुमनची शेवटची आठवन, फेकनार कशी?" शेजारची गंगू लगेच म्हणाली, "मी बी तेच केलं." वन्सं, आपल्या बायकांना बुरशी सांगून कधी कुणी काही फेकलंय का? इथं लोणच्यावरची बुरशी काढून लोणचं खातात. हे मला, अंगणवाडी चालवणारीला, कळायला नको होतं का?

मी आमटीचं पातेलं तिथंच ठेवलं. हे आडवे आले, मी त्यांना काय बोलले ते पंगतीनं ऐकलं. गंगूच्या हाताला धरून सांगितलं, घरी जा आणि ती पुडी आत्ताच्या आत्ता खड्ड्यात पूर, विष आहे. कुंभिवलीपर्यंत वैशाली फोन उचलत नव्हती. तिची सासू रिक्षात माझ्याशेजारी बसून सारखी विचारत होती, झालंय काय, आणि मी परत परत वैशालीचा नंबर लावत होते. दारातून शिरले तर चुलीवर भांडं होतं, पानं खालीवर होत होती, आणि वैशाली बाळाला पाजत बसलेली. भांडं तसंच उचललं, हात भाजला, अंगणात उपडं केलं. मग विचारलं, किती दिवस घेतलास? पोरगी सासूकडे बघून रडायला लागली. पहिले दोन दिवस घेतला होता, फार कडू म्हणून पुढं रोज मोरीत ओतत होती आणि सासूला घेतला म्हणून सांगत होती. सासू काही बोलायच्या आत मी त्या पोरीला छातीशी धरलं.

तिथंच सगळं सांगितलं. काजरा, फोन, तुमचं गेलेलं नाक. वैशाली डोळे पुसत म्हणाली, "मावशींनी मला पान देऊन इचारलं हुतं, वास येतो का गं? मला काय येत नव्हता. पन त्यांना कसं म्हनू नाय येत? मी म्हनले, येतो." गंगूनंही असंच सांगितलं, हे मला संध्याकाळी कळलं. तुम्ही घरोघरी विचारत होतात, वन्सं. स्वतःला येत नव्हता म्हणून दुसऱ्याच्या नाकानं खात्री करून घेत होतात. आणि सुमनला चुकीचं कसं म्हणायचं, म्हणून सगळ्या जणी हो म्हणाल्या.

वैशालीच्या सासूनं मग माझ्याकडे बघितलं. "अन् तुमाला इचारलं नाय त्यांनी?"

विचारलं होतं. सगळ्यांच्या आधी मलाच. फोटो काढून झाल्यावर तुम्ही ते पान चुरगळून माझ्या नाकापाशी आणलंत आणि म्हणालात, "मंगल, वास येतो का गं? नीट सांग." मला चौतीस बाळांची वजनं भरायची होती. मी मान मागे घेतली आणि म्हटलं, "येतो की, मस्त येतो." श्वाससुद्धा आत घेतला नव्हता. तुम्ही "बरं झालं बाय" म्हणालात आणि निवांत झालात. हे मी त्या बाईला सांगितलं, तिच्या अंगणात, काढा सांडलेला असताना. तिनं माझा भाजलेला हात पाण्यात धरला.

तुम्ही त्या पानांनीच गेलात असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. नाही असंही म्हणवत नाही. हे माझ्याशी अजून बोलत नाहीत. तुमचं नाव मी घालवलं असं त्यांना वाटतं. घालू देत शिव्या. तुमचं नाव तुमच्या वीस वर्षांत आहे, एका डहाळ्यात नाही, हे मी गावाला ओरडून सांगेन. माझ्या नावाचं काय करायचं ते लोक ठरवतील.

गल्लीतल्या तिन्ही पुड्या पुरल्या, पण वन्सं, एक पुडी अजून सापडलेली नाही. नर्सरीच्या मालकांनी काल सांगितलं की तुम्ही एक पुडी गिऱ्हाईक बाईंनाही दिली होतीत. पांढरी गाडी, सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, चिंचेची दोन रोपं नेली. नाव कुणाला ठाऊक नाही, नंबर नाही. सासूबाईंची तुम्हाला दया आली असणार. ती पुडी आज कुठल्या स्वयंपाकघरात आहे, किती उरली आहे, मला माहीत नाही. रात्रंदिवस मला तेच दिसतं. म्हणून हे इथल्या साप्ताहिकाला देणार आहे, तुमच्या फोटोखाली छापा म्हणणार आहे आणि फोनवरही सगळीकडे पाठवणार आहे. लिहिलं तुम्हाला, पण शेवटचं तिला.

बाई, चिंचेच्या रोपांबरोबर मिळालेली ती पानं पुरून टाका. कुणाला देऊ नका, जनावरापुढे टाकू नका. सासूबाईंनी काढा घेतला असेल तर आजच डॉक्टरकडे न्या आणि काजरा हे नाव सांगा. देणारी बाई खोटं बोलली नव्हती. त्या पानांना दालचिनीचा वास येतो असं तिला मी सांगितलं होतं.